सगळ्यांच्या मागून चालणाऱ्या रिबेकामावशी

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा मेसेज आला: "नितीन, 'डोंगरमंडळी'चा संस्थापक म्हणून दोन पानं लिहून दे ना. फोटोपण पाठव, डोंगरावरचा, जरा हिरो दिसेल असा." वाचलं आणि कानशिलं तापली. संस्थापक! हा ग्रुप मी काढलेला नाही. मी त्यात शिरलो, मिरवलो, आणि ज्या बाईंनी तो काढला त्यांना त्यातून बाहेर घालवलं. आता मंडळात आलेल्या नव्या लोकांना रिबेकामावशी हे नावसुद्धा माहीत नाही. तेव्हा दोन पानं लिहितोच. छापायची की नाही ते बाईंनी ठरवावं.

रिबेकामावशी म्हणजे बेने इस्राएल, आपल्या कोकणातल्या मराठी ज्यू. मूळच्या रेवदंड्याच्या, वाढल्या भायखळ्यात, तेविसाव्या वर्षी नर्स म्हणून इंग्लंडला आल्या आणि वॉटफर्डला घर करून राहिल्या. उंची जेमतेम पाच फूट, डोक्याला कायम एक जांभळा रुमाल, आणि आवाज असा की वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसेल. आजोबांचा तेलाचा घाणा होता. "आम्ही शनवार तेली," त्या सांगायच्या, "शनवारी घाणा बंद. आता घाणा नाही राहिला, पण शनवारी मावशी बंद." म्हणून आमचे सगळे वॉक रविवारी. शनिवारी सूर्य बुडून आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय त्या फोनला हात लावायच्या नाहीत. डिसेंबरात हे काम पाच वाजता व्हायचं. जूनमध्ये मात्र उद्या कुठे भेटायचं हे कळेपर्यंत आमचा जीव टांगणीला.

मंडळात त्या आल्या त्या एका भांडणामुळे. वॉटफर्डच्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती होता. बाहेर पार्किंगमध्ये आमच्यातल्या दोन बायका मोदकांच्या ट्रेवरून जुंपल्या होत्या, आणि त्यातली एक ओरडली, "मी काय तुझ्या बापाची नोकर आहे का गं?" मावशी समोरच्या फुटपाथवरून भाजी घेऊन चालल्या होत्या. त्यांचे मिस्टर जाऊन वर्ष झालं होतं. घरात मराठी बोलणारे तेवढेच. मुलांना येत नाही, सिनेगॉगमधल्या जुन्या मंडळींचंही आता सगळं इंग्रजीत. मावशींनी पिशव्या खाली ठेवल्या, रस्ता ओलांडला आणि त्या दोघींना म्हणाल्या, "बायांनो, जरा सावकाश भांडा. मला सगळं ऐकायचंय." त्या दिवशी आरतीला उभ्या राहिल्या नाहीत, पण जेवायला बसल्या ते साडेचारला उठल्या. पुढच्या महिन्यात त्यांनी आम्हा सोळा जणांना डोंगरावर नेलं.

डोंगराचा नाद त्यांना इथल्या नर्सेसबरोबर लागला होता. चाळीस वर्षं चालत होत्या. एकदा मी विचारलं, "मावशी, आमच्यासारखे रडे लोक कशाला घेऊन हिंडता? इंग्रजांचे केवढे क्लब आहेत." तर म्हणाल्या, "डोंगर मला त्यांच्याबरोबरही मिळतात रे. बडबड मिळत नाही. 'शेंबूड पूस' हे मी कोणाला म्हणू तिथे?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! पुण्यात कॉलेजात असताना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड सगळं करून बसलेला माणूस मी. हे वेल्समधले डोंगर पाहिले आणि म्हटलं, हे काय, पालथ्या घातलेल्या परातीच. कडा नाही, बुरूज नाही, दोर नाही. मावशी म्हणाल्या, "तू पुढे चाल. मी मागून येते." आमच्याकडे लीडर पुढे असतो. मला वाटलं म्हातारीला दम लागत असणार. मी पुढे निघालो, आणि वर सपाटीवर आल्यावर समोर दिसली मस्त पोपटी हिरवळ. आपल्या डोंगरात सपाट आणि हिरवं दिसलं की माणूस तिथे जाऊन आडवा होतो. मीही गेलो. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत.

मावशी मागून आल्या, मला तसाच उभा ठेवला आणि सगळ्यांना बोलावून वर्ग घेतला. "बघा, हा पुण्याचा शेर. इथे कडा नाही मारत, सपाटी मारते. असं पोपटी दिसलं की खाली पाणीच. पांढऱ्या बोंडांचं गवत दिसलं की त्याच्याही खाली पाणी. ते काळपट, खुरटं झुडूप आहे ना, हेदर, त्याच्यावर पाय द्या. कळलं का मेल्या?" मेल्या मी. मग काठी पुढे केली आणि मला बाहेर ओढलं.

त्या मागून का चालतात ते मला तिसऱ्या-चौथ्या वॉकला कळलं. पुढे चालणाऱ्याला डोंगर दिसतो, मागून चालणाऱ्याला माणसं दिसतात. कोणाचा पाय वाकडा पडतोय, कोण पाणी पीत नाहीये, कोणत्या नवरा-बायकोचं गाडीत बिनसलंय. सगळं त्यांना मागून कळायचं. प्राची आमच्यातली सगळ्यात हळू चालणारी, मिनीबस चालवायलाही तीच असायची. ती म्हणते की मावशींनी तिला आयुष्यात एकदाही "चल लवकर" म्हटलं नाही. त्या मागे राहून तिला भायखळ्याच्या गोष्टी सांगायच्या आणि ती ऐकत ऐकत माथ्यावर पोहोचायची.

एकच गोष्ट त्या कडक पाळायच्या. शनिवारी तारे दिसले की प्रत्येकाने आपल्या बुटांच्या तळव्यांचा फोटो ग्रुपवर टाकायचा. फोटो नाही तर मिनीबसमध्ये जागा नाही. अध्यक्षांनाही सूट नाही. मग एकेकावर शेरे यायचे. "झिजलाय, नको येऊस." "हा बूट लग्नात घाल." "टाच एकीकडून झिजलीये, पाठ दुखते का रे तुझी?" आणि ज्याचे बूट नवे, त्याला, "पंधरा दिवस घरात घालून हिंड, मग ये." आम्ही हसायचो. कोणी मुद्दाम कोल्हापुरीचा फोटो टाकायचं. पण फोटो सगळे टाकायचे.

माझे बाबा दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आमच्याकडे रीडिंगला आले. आई गेल्यावर पहिल्यांदाच. वय अडुसष्ट, तब्येत ठणठणीत, वीस वर्षं रोज सकाळी पर्वती चढलेले. इथे आल्यावर मात्र करायचं काय? मी आणि बायको ऑफिसात, मुलं शाळेत, बाहेर भुरभुर पाऊस, समोरच्या कौन्सिलच्या बागेला बाबा चार फेऱ्या मारून यायचे आणि खिडकीशी बसायचे. डिसेंबरातला पहिला रविवार डोंगराचा ठरला तेव्हा मी म्हटलं, बाबांना नेऊ. ते इतके खूश झाले की माकडटोपी आदल्या बुधवारीच काढून ठेवली.

प्रश्न बुटांचा होता. बाबांकडे स्पोर्ट्स शूज होते, पर्वतीला चालतात तसले. बूट घ्यायला दुकानात जायचं शनिवारी ठरलं होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला कंटाळा आला. पाऊस होता, मॅच होती, मी सोफ्यावरून उठलो नाही. कपाटात माझे जुने बूट होते, नऊ नंबरचे. बाबांचा पाय सातचा. दोन-दोन मोजे घातले, आणि तरी टाच उचलली जात होती म्हणून पुढे कागदाचे बोळे कोंबले. कागद कुठला, तर बाबांनी पुण्याहून लोणच्याची बरणी ज्यात गुंडाळून आणली होती ते मराठी वर्तमानपत्र.

"चालतंय का बघा," मी म्हटलं.

बाबा हॉलमध्ये दोन चकरा मारून म्हणाले, "थोडा सैल आहे रे. पण होईल."

पाच वाजता मी दोन फोटो टाकले, माझ्या बुटांचा आणि बाबांच्या. मावशींचा मेसेज लगेच आला, पाहुण्यांचा प्रश्न म्हणून ग्रुपवर नाही, फक्त मला: "तळवा चांगला आहे. पण दोन्ही बूट एकाच मापाचे दिसतात. बाबांचे स्वतःचे ना?" अहो, फोटोवरून ओळखलं बाईंनी! मी लिहिलं, "हो मावशी, त्यांचेच. महिनाभर वापरतायत. आमच्या दोघांचं माप एकच आहे." त्यांनी अंगठा टाकला. मग मी बाबांना म्हटलं, "उद्या मावशींनी विचारलं तर सांगा, तुमचेच आहेत. नाहीतर त्या तुम्हाला घेणार नाहीत." बाबा म्हणजे बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, सहीत काना-मात्रा हलली तरी चेक परत करणारा. "बरं," म्हणाले.

सकाळी रीडिंग स्टेशनबाहेर मिनीबस आली. मावशींनी बाबांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "बूट चावत नाहीत ना हो?" बाबा म्हणाले, "नाही, एकदम सवयीचे आहेत." आणि खिडकीबाहेर पाहू लागले. माझ्या बापाला मी अडुसष्टाव्या वर्षी खोटं बोलायला लावलं, तेही माझ्या आळसापायी.

त्या डोंगराचं नाव लिहीत नाही. वेल्श नाव आहे आणि मला ते अजून धड उच्चारता येत नाही. दहाच्या आधी आम्ही चालायला लागलो. कुंपणाच्या तारांवर दहिवर गोठलं होतं, ऊन होतं पण कामाचं नव्हतं. डबक्यांवर पातळ बर्फ होता, पाय पडला की काचेसारखा फुटायचा. मी पुढे, मधे बाकीचे, शेवटी प्राची, बाबा आणि मावशी. वर सपाटीवर मैलभर काळा पीट, म्हणजे कुजलेल्या गवताचा चिखल, आणि गवताचे गड्डे, एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जायचं. मागून मावशींचा आवाज सतत येत होता. "डावीकडे, काका, डावीकडे! ते पोपटी दिसतंय ते आपलं नव्हे!"

जेवायला एका दगडी भिंतीच्या आडोशाला बसलो. मावशींनी डब्यातून मलिदा काढला, गोड पोहे, ओलं खोबरं, वेलदोडा, वर केळ्याचे काप. त्यांच्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. बाबांनी दोनदा मागून घेतला. "आमच्या वर्गात एक पेणकर होता," ते सांगत होते, "शनिवारी कधी शाळेत यायचा नाही. आम्हाला वाटायचं, काय मजा आहे लेकाची."

"मजा कसली," मावशी म्हणाल्या, "शनवारी घरी बसून सगळी प्रार्थना पाठ करायला लागायची. त्यापेक्षा तुमची शाळा बरी."

बाबा मोठ्याने हसले. आई गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मलाच शाबासकी दिली मी मनातल्या मनात. बघा, कसा घेऊन आलो.

दोन वाजता उतरायला लागलो. इथे डिसेंबरात साडेतीनपासून उजेड जायला लागतो, म्हणून मी जरा भरभर पुढे काढलं. खिंडीत एक ओला पट्टा होता, तो ओलांडून पलीकडे फोटो काढत उभा होतो. तेवढ्यात मागून प्राचीची किंकाळी. वळून पाहिलं तर बाबा मांडीपर्यंत आत. सैल बुटाने टाच घसरली होती, दोन पावलं बाजूला गेले होते, बस. मी पळत आलो तोवर मावशी आणि प्राचीने त्यांना बगलेत धरून बाहेर ओढलंही होतं. पण पाय बाहेर आला, बूट आला नाही. उजव्या पायात नुसते दोन ओले मोजे. त्यातून वाफ निघत होती.

बुटाशिवाय उतरायला अजून अडीच मैल होते. मावशींनी आपली सॅक त्या चिखलावर आडवी टाकली, तिच्यावर छाती टेकून पालथ्या झोपल्या आणि काळ्या पाण्यात हात घातला, खांद्यापर्यंत. गाल पाण्याला लागला होता. "थांबा मावशी, मी करतो," मी म्हटलं. "तुझ्या वजनाने तूही जाशील, गप्प उभा राहा." दोन मिनिटं त्या आत चाचपडत होत्या. मग फचकन आवाज झाला आणि बूट वर आला.

त्यांनी तो उलटा केला. पाणी गेलं, आणि मागोमाग काळा झालेला कागदाचा बोळा बाहेर आला. मावशींनी तो उलगडला. मराठी अक्षरं दिसत होती, कुठल्याशा भूखंडाची जाहिरात. मग बुटाची जीभ ओढून आतला नंबर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. एकदाच. कागद डोंगरावर टाकायचा नाही म्हणून तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला, आणि बाबांसमोर गुडघे टेकून बसल्या.

"अहो, राहू द्या, मी करतो," बाबा पाय मागे घेत म्हणाले. त्यांना काय होत होतं ते मला कळत होतं. वडीलधाऱ्या बाईने आपले पाय पुसावेत!

"मी नर्स आहे," मावशी म्हणाल्या, "असले हजार पाय पुसलेत. द्या इकडे." डोक्याचा जांभळा रुमाल सोडून त्यांनी बाबांचा पाय कोरडा केला. आपले सुटे मोजे चढवले, त्यावर ब्रेडची प्लास्टिकची पिशवी, आणि बुटात जागा उरली तिथे आपले लोकरीचे हातमोजे कोंबले. सुटं जॅकेट बाबांच्या मांड्यांभोवती बांधलं. मग उभ्या राहिल्या. डोकं उघडं, हात उघडे, उजवी बाजू गळ्यापासून कमरेपर्यंत ओली.

"माझं जॅकेट घ्या," मी म्हटलं.

"तू पुढे हो. वाट दाखव. उजेड चाललाय."

आणि मी पुढे झालो. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते, बुटांपेक्षाही. मी हट्ट करायला हवा होता, जॅकेट अंगावर टाकायला हवं होतं. पण मला त्यांच्यासमोर उभंच राहवत नव्हतं, आणि त्यांनी सुटका दिली तशी मी घेतली. मैलभर मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

थंडी मावशींच्या अंगात शिरलीये हे प्राचीनेच ओळखलं. आधी मावशी कुडकुडत होत्या, मग कुडकुडणं थांबलं आणि बोलणं जड झालं. मग त्या प्राचीला रूथ म्हणून हाक मारायला लागल्या. रूथ त्यांची बहीण, केव्हाच गेलेली. प्राचीने शिट्टी मारली तेव्हा मी थांबलो. मग त्यांच्याच सॅकमधला चंदेरी कागद त्यांना गुंडाळला, दोन-दोन जणांनी धरून चालवलं, शेवटी एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. त्याच्या बायकोने ॲम्ब्युलन्स बोलावली. बाबा त्या घराच्या दाराशी उभे होते, पायात मावशींचे मोजे, आणि आत यायला तयार नव्हते.

मावशी तीन दिवसांनी घरी आल्या. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधीर झाली ती झालीच, प्राची सांगते, अजून सुई ओवता येत नाही. बाबांनी मला न विचारता त्यांना फोन केला होता. काय बोलले ते मला नंतरही सांगितलं नाही. मी ऐकलं ते एवढंच, की बाबा म्हणाले, "चूक आमची आहे," आणि पलीकडून मावशी जोरात म्हणाल्या, "अहो, पाहुणे तुम्ही, तुमची कसली चूक!"

इकडे मंडळाच्या व्हॉट्सॲपवर आग लागली होती. हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसाला चिखलात नेतात म्हणजे काय? सत्तरी उलटलेल्या बाईला लीडर कोणी केलं? जे कधी बागेतही चालायला आले नव्हते, ते सगळ्यात पुढे. शेवटी कार्यकारिणीने झूमवर मीटिंग लावली, रविवारी सकाळी अकराला. मी लॅपटॉपसमोर, बाबा पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात न येता. मावशी एका चौकोनात, डोक्याला नवा रुमाल.

अध्यक्षांनी आवाज सौम्य ठेवून विचारलं, "मावशी, आम्हाला फक्त एवढं समजून घ्यायचंय. नितीनच्या वडिलांचे बूट मापाचे नव्हते असं कानावर आलंय. तुम्ही तपासले होते का?"

एवढं सोपं होतं. एक बटण दाबायचं आणि म्हणायचं, मावशींनी विचारलं होतं, मी खोटं बोललो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्क्रीनकडे पाहत होतो. मावशीही थांबल्या होत्या. पाच सेकंद असतील, सहा असतील. मला जागा देत होत्या. आजही मला तसंच वाटतं.

मग त्या म्हणाल्या, "तपासले होते. माझ्या नजरेतून सुटलं. वय झालं माझं, दुसरं काय."

कार्यकारिणीने ठरवलं की यापुढे मावशींनी दगदग करू नये, सल्लागार म्हणून राहावं, आणि वॉकची जबाबदारी नितीनने घ्यावी, त्याला सह्याद्रीचा अनुभव आहे. त्यावर मी बटण दाबलं. दाबलं, आणि म्हणालो, "थँक यू मावशी, फॉर एव्हरीथिंग. आम्हाला तुमचं मार्गदर्शन लागेलच."

मागे पलंग करकरला. बाबा उठून बाहेर गेले होते. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "माझं तिकीट अलीकडचं करून दे." एप्रिलमध्ये जाणार होते, जानेवारीत गेले. त्यानंतर आले नाहीत. फोनवर नातवंडांबद्दल विचारतात, हवा विचारतात. डोंगरावर जातोस का, हे कधी विचारत नाहीत.

मावशी त्याच आठवड्यात ग्रुपमधून बाहेर पडल्या. संक्रांतीला आल्या नाहीत, पाडव्याला आल्या नाहीत. प्राची त्यांच्याकडे जाऊन येते, तिला त्यांनी कधी काही सांगितलं नाही, तिने कधी खोदून विचारलं नाही. मी किती मेसेज लिहिले आणि पुसले त्याला गणती नाही. एकदा तर गाडी काढून वॉटफर्डला गेलो, त्यांच्या घरासमोर उभी केली. मावशी कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आल्या, डाव्या हाताने. त्यांनी डबा लावला, आत गेल्या. मी वीस मिनिटं बसलो आणि परत आलो. घरी सांगितलं, ट्रॅफिक होता.

आणि वॉक चालू राहिले ना! मी लीडर. बुटांच्या तळव्यांचे फोटो अजून मागवतो, आता त्याला ऑनलाइन फॉर्म आहे. नवे लोक म्हणतात, नितीनदादांचा हा नियम फार भारी आहे. मी नाही म्हणत नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही पीक डिस्ट्रिक्टला गेलो होतो. दोन्ही बाजूंना दलदल आणि मधून एका माणसापुरती फरशांची वाट. समोरून एक इंग्रज म्हाताऱ्यांचा ग्रुप येत होता. आम्हाला वाट द्यायला ते एकेक करून बाजूच्या गवतावर उतरले. सगळ्यांत शेवटी, काठीवाल्या एका आजोबांच्या मागे, मावशी होत्या. कोणाशी बोलत नव्हत्या. वाळल्यासारख्या वाटल्या. त्यांनी मला लांबूनच पाहिलं असणार, कारण मी समोर आलो तेव्हा त्यांचा चेहरा तयार होता.

"मॉर्निंग," त्या म्हणाल्या. इथे डोंगरावर कोणीही कोणालाही म्हणतं, अगदी तसं.

"मॉर्निंग," मी म्हणालो. आणि थांबलो नाही.

माझ्यामागे नऊ जण होते, सगळे नवे, आणि प्राची नेमकी त्या दिवशी आली नव्हती. नवव्यांदा "मॉर्निंग" ऐकू आलं तोवर मी तीस-चाळीस पावलं पुढे गेलो होतो. शेवटी नागपूरची एक नवी मुलगी होती. ती मावशींच्या शेजारीच उभी राहिली आणि तिथून मला ओरडून विचारलं, "नितीनदादा, ह्या काकू आपल्याकडच्या वाटतात हो! तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मावशी फरशीवर चढायच्या थांबल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाही गं," मी म्हटलं. लांबून ऐकू जावं म्हणून चांगलं मोठ्याने.